बातमा आपाच्या वोल्गाचा भाव

कासेन दलालाची हाक अंगणातून आली तेव्हा बोल्सून पाळण्यावर ओणवी होऊन लेकीला पाजत होती. सहा महिन्यांची बेगायिम पहाटेपासून किरकिरत होती. खालच्या हिरडीत दाताची पांढरी कणी दिसायला लागली होती, आणि त्या एवढ्याशा कणीनं अख्खं घर वेठीला धरलं होतं.

"उस्ता आहेत का घरात?"

"आहेत की," शेगडीजवळ बसलेले तिचे वडील ओरडले. "डोळे गेलेला माणूस जाईल कुठं? जोडे काढ, आत ये आणि दार लाव. मार्चचा वारा काय आपला पाहुणा नाही."

कासेन आत आला, चहाची वाटी हातात आली, मग त्यानं तोंड उघडलं. वरच्या वाडीतल्या बातमा आपाला तिच्या नवऱ्याची वोल्गा मोटार विकायची होती. पंधरा वर्षं मेंढ्यांच्या गोठ्यात उभी असलेली, साठ वर्षांपूर्वीची, बॉनेटवर उडी मारणारं हरीण असलेली. गिऱ्हाईक राजधानीतून आलं होतं. आपा म्हणत होती तीन लाख सोम, गिऱ्हाईक म्हणत होतं नव्वद हजार, आणि दोघं एकमेकांकडे पाठ करून बसले होते.

"म्हणून उस्ता, तुम्ही चला. तुम्ही भाव सांगितलात की दोघंही गप्प बसतील."

गेली तीस वर्षं अतबाशीच्या खोऱ्यात हेच चालत आलं होतं. जुनी गाडी विकणारा चढवून सांगणार, घेणारा पाडून मागणार, आणि मधला भाव किदिरअली उस्ता, म्हणजे किदिरअली मिस्त्री, सांगणार. त्यांचा नियम एकच होता. भाव सांगणाऱ्यानं त्या भावाला ती गाडी स्वतः घ्यायची तयारी ठेवावी. आणि गाडी त्याची असती, तर त्याच भावाला द्यायचीसुद्धा. दोहोंपैकी एकालाही मन कचरलं, तर तो भाव नव्हे, नुसती जिभेची खाज. दोनदा लोकांनी उस्तांना शब्दात पकडलं होतं आणि दोन्ही वेळा उस्ता गाडी घेऊन घरी आले होते. त्यातली एक विकली गेली. दुसरीत अजून कोंबड्या अंडी घालत होत्या.

पण आधी वेल्डिंगच्या ठिणग्यांनी आणि मग वयानं उस्तांच्या डोळ्यांतला उजेड नेला. आता त्यांना शेगडीचा लाल ठिपका तेवढा कळायचा.

"बोल्सून येईल," उस्ता म्हणाले.

कासेनची वाटी ओठाशीच थांबली. "उस्ता, माणूस राजधानीचा आहे. शार्शेन म्हणतात त्याला. लग्नाच्या वरातींना जुन्या गाड्या पुरवतो, असल्या दहा गाड्या त्यानं नव्या केल्यात. त्याच्यापुढं मी पोरवाली बाई उभी करू?"

"पोर घरी ठेवून येईल."

"पोर घरी राहणार नाही," बोल्सून पाळण्यावरून डोकं न उचलता म्हणाली. "दात येतायत."

"बघा!" कासेन म्हणाला.

"तुला पुरुषच हवा ना?" उस्ता हसले. "तिच्या नावात आहे बघ मुलगा. तेवढ्यावर भागव."

खोटं नव्हतं. तीन मुलींच्या पाठीवर चौथी झाली तेव्हा आईनं तिचं नाव ठेवलं उलबोल्सून, म्हणजे 'मुलगा होवो'. मुलगा काही झाला नाही. बारा वर्षांची झाल्यावर बोल्सूननं आपणहून बापाच्या हातातला पाना घेतला, आणि पुढं कितीतरी वर्षं उस्तांनी सांगितलेल्या भावामागे गाडीखाली सरपटून आलेली बोल्सून असायची. मग लग्न झालं, नवरा खिंडीत बर्फ हटवायच्या गाडीवर, मग हे बाळंतपण. वर्षभर तिनं वर्कशॉपचं दार उघडलं नव्हतं. बाजारानं त्याचा अर्थ लावून टाकला होता: उस्ताचे डोळे गेले, पोरगी पाळण्याला बांधली गेली, संपलं ते घर.

हे ती जाणून होती. आज सांगितलेला भाव टिकला नाही, तर या दारात पुन्हा कुणी 'उस्ता आहेत का' म्हणून यायचं नाही, हेही.

तिनं बेगायिमला शालीत गुंडाळून छातीशी बांधलं, टॉर्च घेतला, स्क्रूड्रायव्हर घेतला. दुंबा मेंढ्याच्या जाड शेपटातल्या चरबीचा तुकडा फडक्यात बांधून तोंडात दिला की बेगायिम तेवढ्यापुरती शांत व्हायची. पण घाईघाईत तो तुकडा राहिला पाळण्यातच.

*

बातमा आपाच्या गोठ्यापाशी निम्मी वाडी जमली होती. घोड्याचा सौदा असो की गाडीचा, बघ्यांना आमंत्रण लागत नाही. आपा उलट्या बादलीवर ताठ बसली होती, डोक्याला पांढराशुभ्र रुमाल, शेजारी वाफाळती किटली. शार्शेन कातडी जाकिटात, दाराला टेकून. पन्नाशीचा, पोट सुटलेला, पण हात कामाचे. बोल्सूनच्या नजरेनं आधी हात पाहिले.

"उस्ता कुठाय?" शार्शेन म्हणाला.

"आके," बोल्सून मोठ्या भावाला म्हणतात तसं म्हणाली, "मी त्यांची मुलगी. भाव मी सांगणार."

"आणि शालीतली कोण? ती काय सांगणार?"

लोक हसले. बेगायिमनं नेमकं तेव्हाच भोकाड पसरलं. लोक आणखी हसले.

"ती म्हणतेय, नव्वद हजार ऐकून रडू आलं," बोल्सून म्हणाली.

आता आपासुद्धा हसली, पण लगेच तिनं तोंड पुन्हा ताठ केलं.

वोल्गा शेणाच्या धुरळ्यानं राखाडी झाली होती. एके काळचा दुधी निळा रंग छपरावर तेवढा हाताएवढा उरला होता. बॉनेटवरच्या हरणाचा पुढचा एक पाय मोडलेला. मागच्या सीटवर कोंबडी बसून गेल्याच्या खुणा. तरी ती नुसती उभी नव्हती. एखाद्या घरंदाज बाईला गोठ्यात बसवलं तरी तिची बसण्याची तऱ्हा लपत नाही, तशी उभी होती. बोल्सूनला ती बघताक्षणी आवडली. तिनं ते तिथंच दाबलं. आवडलेल्या गाडीचा भाव सांगू नये, असं बाबा म्हणायचे.

"आधी माझा मुल्ला काय म्हणतो ते बघ," शार्शेननं खिशातून दोरीला बांधलेला लोहचुंबक काढला. "हा खोटं बोलत नाही." दारावर धरला, टक्कन चिकटला. छपरावर, टक्. मग त्यानं तो दाराखालच्या पट्टीवर धरला. चुंबक घसरला आणि दोरीला लोंबत राहिला. आणखी एके ठिकाणी. घसरला. मग त्यानं बोटाच्या सांध्यानं तळावर ठोकलं. भद्द, भद्द. चिखलावर ठोकल्यासारखं.

"ऐकलंस? खालचा सगळा पत्रा गेला. वरून पुट्टी थापलीय, बोटभर. पत्रा नाही तिथं चुंबक चिकटेल कशाला? ही वोल्गा नाही, पोरी, ही वोल्गाची टोपी आहे. टोपीचे नव्वद हजार देतोय, माझा मोठेपणा."

"माझ्या म्हाताऱ्यानं पुट्टीला कधी हात लावला नाही!" आपा बादलीवरून कडाडली. "तो म्हणायचा, ही गाडी म्हणजे मेंढ्यांचा कळप आहे."

"कळप होता, आपा. लांडगा येऊन गेला."

चूक म्हणावी तर शार्शेनची चूक नव्हती. गंजलेला पत्रा पुट्टीनं झाकायचा आणि वरून रंग मारायचा, हा इथल्या गाडी-बाजाराचा रोजचा धर्म. चुंबक घसरला की शहाणा माणूस पाऊल मागे घेतो. बोल्सूनही मागे घेणार होती. तिनं गुडघे टेकले, टॉर्च मारला. पट्टीवर राखाडी, दगडासारखा कडक थर. पुट्टीच दिसत होती. स्क्रूड्रायव्हरचं टोक नीट शिरेना. तिच्या मनात आकडे खाली खाली यायला लागले. एक लाख. फार तर एक लाख दहा.

तेवढ्यात तिच्या लक्षात आलं की बेगायिम गप्प झाली आहे.

सकाळपासून पहिल्यांदा. बोल्सूननं मान खाली घातली. शालीतून सुटलेला इवलासा हात पट्टीवरून फिरला होता, थराच्या खपलीवर नखं घासली होती, आणि आता ती चारही बोटं तोंडात गेली होती. बेगायिम डोळे मिटून, मन लावून चोखत होती.

"अगं ए घाणेरडे, काय खाल्लंस!" बोल्सूननं बोटं ओढून काढली आणि सवयीनं नाकाशी नेली.

तो वास तिला झोपेतसुद्धा ओळखता आला असता. लेकीच्या फडक्याला यायचा, उशीला यायचा, तिच्या स्वतःच्या शालीला यायचा. दुंब्याच्या शेपटाची चरबी. जुनी, खवट, धुळीत मुरलेली, पण तीच.

तिनं लेकीचा हात शालीत आत घातला. पुन्हा पट्टीकडं पाहिलं. मग उठली.

"आपा, तुमच्याकडं दर पानगळीत मेंढी कापायचे तेव्हा शेपटाची चरबी कुठं जायची?"

"कुठं म्हणजे? घरात. आणि निम्मी म्हातारा उचलून न्यायचा. बूट मऊ ठेवायला, लगामाला लावायला, काय काय उद्योग असायचे त्याचे. मी विचारत नसे."

"किटली द्या."

"चहा आहे त्यात."

"चहाच हवाय. गरम आहे ना?"

"पोरगी चहा पिऊन भाव सांगणार!" कासेन कुजबुजला, पण सगळ्यांना ऐकू गेलं.

बोल्सूननं किटली घेतली, गाडीशी वाकली आणि कडकडीत चहाची धार दाराखालच्या पट्टीवर सोडली.

पुट्टीवर चहा ओतला तर ती ओली होते, एवढंच. हा थर ओला झाला नाही. आधी चकाकला, मग त्याला घाम फुटला, मग घाणेरडे पिवळे ओघळ जमिनीवर टपटपायला लागले. गोठ्यात मटणाच्या रश्शाचा वास भरला. वाडीतली दोन कुत्री धावत आली. बोल्सूननं शालीच्या टोकानं पट्टी पुसली. खालून फॅक्टरीतल्या रंगाचा स्वच्छ, दुधी निळा पत्रा वर आला, नुकत्याच न्हाऊ घातलेल्या बाळासारखा.

"आके, तुमचा मुल्ला द्या जरा."

शार्शेननं दोरी तिच्या हातात दिली. टक्!

कुणीतरी शिट्टी मारली. आपा बादलीवरून उठून उभी राहिली होती. "मेल्या," ती हळूच म्हणाली, पण ते शार्शेनला नव्हतं, पंधरा वर्षांपूर्वी गेलेल्या माणसाला होतं. "मला म्हणायचा, चरबी बुटाला लावतो."

*

लोकांना वाटलं, झालं, आता पोरगी तीन लाख म्हणणार. आपालाही तेच वाटलं. तिनं बोर्सोकची, तळलेल्या पिठाच्या तुकड्यांची, परडीसुद्धा पुढं सरकवली. बोल्सून बॉनेट उघडून आत वाकली होती. बराच वेळ वाकलेली होती.

"आपा, आजोबा गेले कधी?"

"नोव्हेंबरात."

"मग इंजिनातलं पाणी कुणी काढलं?"

आपाचा चेहरा बदलला. "चाळिसाव्याचं जेवण होईस्तोवर गाडीकडं कोण बघतंय, पोरी? दोनशे माणूस जेवलं."

"पाणी गोठलं. ब्लॉकला चीर गेलीय. ही बघा, माझ्या वितीएवढी, तिच्या कडेला पांढरी रेघ आहे. जोडता येईल, पण काम नाजूक आहे. नाही जमलं तर दुसरं इंजिन शोधावं लागेल, आणि मग ही गाडी आहे तशी राहणार नाही."

"तू माझ्या बाजूची आहेस की त्याच्या?"

"मी गाडीच्या बाजूची आहे, आपा."

मग तिनं भाव सांगितला. "दोन लाख दहा हजार."

दोन्हीकडून एकदम आरडाओरडा झाला. शार्शेन म्हणाला, दोन लाख दहात तो रंग लावलेली, चालती गाडी घेईल, गळक्या इंजिनाची नाही. आपा म्हणाली, नवऱ्याच्या चाळिसाव्याला दोनशे माणूस जेवू घातलं, त्याचा दंड म्हणून नव्वद हजार कापणारी पोर तिनं आजच पाहिली. बोल्सूनला बाबांचं एक वाक्य आठवत होतं: दोघांचीही तोंडं वाकडी झाली की भाव बरोबर निघाला. बाबा हे वाक्य हसत म्हणायचे. दोन वाकड्या तोंडांच्या मध्ये उभं राहिलं की हसू येत नाही, हे त्यांनी सांगितलं नव्हतं.

"ठीक आहे," शार्शेननं हात वर केला. "उस्ताचा नियम मलाही ठाऊक आहे. जो भाव सांगतो तो त्या भावाला घेतो. घे मग! दोन लाख दहा. का दुसऱ्याच्या खिशातले म्हणून एवढे सोपे होते?"

सगळ्यांच्या नजरा तिच्यावर. कासेननं मान खाली घातली. त्याला आपलं उस्तांच्या घरातलं बोलणं खरं झाल्याचं सुख झालं होतं आणि वाईटही वाटत होतं.

बोल्सूनकडं दोन लाख नव्हते. तिच्याकडं कोंगुर होती. लग्नात बापानं वाट्याला दिलेली काळसर तपकिरी घोडी. डोहाळ्यांत बोल्सूनला चालवेनासं झालं तेव्हा उंबरठ्याशी येऊन खाली मान घालून उभी राहणारी. आता स्वतःच गाभण, महिन्यावर आलेली. तिनं मनातल्या मनात कोंगुरला एका पारड्यात ठेवलं आणि चिरलेल्या ब्लॉकची वोल्गा दुसऱ्यात. मन कचरतंय का? तिनं नीट, प्रामाणिकपणे बघितलं. दुखत होतं. कचरत नव्हतं.

"आपा, माझी कोंगुर घ्या. गाभण आहे. वर एक मेंढी."

बघे पुढं सरकले. कोंगुर सगळ्यांना माहीत होती.

आपानं तिच्याकडं असं पाहिलं जसं चुंबक चिकटला तेव्हा पट्टीकडं पाहिलं होतं. "कोंगुर देतेस? तुझी?"

"भाव खोटा असता तर मेंढीसुद्धा दिली नसती."

"कासेन!" आपानं बाही सारली. "मेल्या, उभा काय राहिलास? हात धर."

कासेननं दोघींचे हात एकमेकींत घातले आणि वर-खाली असे हलवले की शालीतली बेगायिमसुद्धा डुलायला लागली. मग सगळ्यांनी तळवे उघडले, आपानं आशीर्वाद म्हटला, गाडीला वाट मिळो, घोडीला दूध मिळो, पोरीला दात मिळो, ओमिन, आणि सगळ्यांनी तोंडावरून हात फिरवले. शार्शेननंही फिरवला. जाताना म्हणाला, "धाडसी आहेस. पण ब्लॉक जोडला जायचा नाही. अ‍ॅल्युमिनियम आहे तो, पोळी नाही."

घरी येऊन तिनं बाबांना सगळं सांगितलं. घोडी दिल्याचंही. उस्तांनी शेगडीच्या लाल ठिपक्याकडं तोंड केलं. मग त्यांनी एकच विचारलं.

"चरबीचा थर केवढा होता?"

"बोटाच्या पेराएवढा."

"पेराएवढा!" उस्ता खदखदून हसायला लागले. "पेराएवढा, आणि मी त्या म्हाताऱ्याला जन्मभर कंजूस म्हणत होतो!"

*

लेक झोपली की बोल्सूनचा दिवस सुरू व्हायचा. सकाळी पाऊण तास, दुपारी दीड, दिवस चांगला असेल तर संध्याकाळी आणखी थोडा. पाळणा वर्कशॉपच्या दारात आणून ठेवला होता. त्याला बांधलेली दोरी उस्तांच्या पायाच्या अंगठ्यात असायची आणि हातात पॉलिश करायचा एखादा भाग. त्यांच्या बोटांना आता डोळे फुटले होते. पत्र्यावरचा केसाएवढा उंचवटा त्यांना कळायचा. "इथं अजून," ते म्हणायचे, आणि बोल्सून तिथं पुन्हा घासायची.

चरबी काढायला नऊ दिवस लागले. गरम पाण्यानं, सोड्यानं, हलक्या हातानं. खालून सगळा तळ असा निघाला की तिनं बाबांचा हात धरून नेऊन त्यावर ठेवला. ते कितीतरी वेळ हात उचलेनात.

ब्लॉकची गोष्ट वेगळी होती. पहिल्यांदा जोडला, थंड होताना पुन्हा उकलला, ताड् असा आवाज करून. बोल्सून वर्कशॉपच्या उंबऱ्यावर बसून रडली, मग बेगायिम रडली म्हणून तिला हसवावं लागलं. बाबा म्हणाले, "घाईनं थंड करतेस. बाळंतिणीला आंघोळ घालून वाऱ्यात बसवतेस का?" दुसऱ्या वेळी तिनं ब्लॉक आधी निखाऱ्यांवर सारखा तापवला, जोडला, आणि जुन्या लोकरी नमद्यांत गुंडाळून ठेवला. दोन दिवस. त्या दोन दिवसांत ती त्या गुंडाळीपाशी तितक्याच वेळा जाऊन आली जितक्या वेळा पाळण्यापाशी. खिंडीतून सुट्टीवर आलेला तिचा नवरा मिर्लान म्हणाला, "दोन पोरं झाली की काय आपल्याला?"

तिसऱ्या दिवशी नमदे सोडले. चीर धरली होती.

ऑगस्टच्या एका दुपारी, बेगायिम पाळण्यात जागी असताना, बोल्सूननं किल्ली फिरवली. गाडी एकदा खोकली. दोनदा खोकली. मग सुरू झाली आणि सुरूच राहिली, सावकाश, गोल आवाजात. उस्तांनी दोरी सोडली, बॉनेटवर कान टेकला. बेगायिमनं दोन्ही हात हवेत फेकले आणि नव्या आलेल्या दोन दातांनी हसली. अंगणातल्या गाडीतून कोंबड्या ओरडत बाहेर पडल्या.

*

ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी अतबाशीच्या बाजारात मेंढ्या, घोडे आणि याकांच्या मधून एक दुधी निळी वोल्गा आली. पुढं हरीण, चारही पायांवर. मोडलेला पाय उस्तांनी बोटांनी चाचपत पितळेचा घडवला होता. तेही पुढच्या सीटवर बसले होते, नवी टोपी घालून, खिडकीची काच खाली करून, जणू त्यांना सगळं दिसत होतं.

लोक सौदे अर्धवट सोडून आले. नव्या सुनेचं, नव्या बाळाचं तोंड पाहिलं की काही हातावर ठेवावं लागतं. त्याला कोरुमदुक म्हणतात. कुणीतरी ओरडलं, "अरे, तोंड पाहिलंत, कोरुमदुक द्या!" आणि बॉनेटवर नाणी पडायला लागली, सफरचंदं पडली, एकानं कुरुतची, वाळवलेल्या दह्याच्या गोळ्यांची, मूठ टाकली, ती बेगायिमनं उचलली.

मग गर्दी बाजूला झाली. बातमा आपा येत होती, हातात दोरी, दोरीला शिंगरू. काळसर तपकिरी, कपाळावर तांदळाएवढा पांढरा ठिपका. बोल्सूनला सांगावं लागलं नाही ते कुणाचं.

आपानं गाडीभोवती एक फेरी मारली. दारापाशी थांबली, वाकली, आणि दाराखालची पट्टी हुंगली.

"वास गेला," ती म्हणाली.

"चरबी काढली, आपा."

"हं." तिनं डोळे पुसले नाहीत, नाक पुसलं. मग दोरी बोल्सूनच्या हातात दिली. "कोरुमदुक. नाही म्हणू नकोस. कोंगुरनं उन्हाळाभर बादल्या भरून दूध दिलंय. दूध आंबवून माझ्या घरी एवढं कुमिस कधी केलं नव्हतं. सौद्यात मी बुडाले नाही, पोरी. वाडीत सांगत फिरतेय."

शार्शेन गर्दीच्या कडेला उभा होता. कधी आला कुणाला कळलं नाही. त्यानं बॉनेट उघडायला लावलं, वाकून जोड पाहिला, त्यावरून अंगठा फिरवला. बराच वेळ फिरवला. कासेन हात चोळत पुढं सरसावला, "या आके, द्या हात, करू सुरुवात..."

"तू थांब," शार्शेन म्हणाला. "घासाघीस नको. पोरी, तू उस्ताचा नियम चालवतेस ना? मग समज ही गाडी तुझी नाही. कुणा परक्याची आहे, मी परक्याकडून घेतोय, आणि तुला बोलावलंय. भाव सांग."

 आठ लाख म्हटले असते तरी या क्षणी तो देईल, हे बोल्सूनला दिसत होतं. तिनं बाबांकडं पाहिलं. "बाबा?"

"मला काय विचारतेस?" उस्ता म्हणाले. "मला दिसत नाही."

तिनं बेगायिमला आपाच्या हातात दिलं आणि गाडीभोवती फिरायला लागली, जशी ती दुसऱ्याची होती. "उजवं मागचं दार उतरतंय, लावताना उचलावं लागतं. पुढचा बंपर दुसऱ्या गाडीचा आहे. हरणाचा पाय पितळेचा, वरून मुलामा. ब्लॉकला जोड आहे. दहा वर्षं धरेल. अकरावं मी सांगणार नाही." गर्दीतून कुणीतरी कळवळून म्हणालं, "अगं बाई, स्वतःच्याच मालाला!" ती थांबली नाही. "तळ मात्र असा दुसऱ्या कुठल्याही वोल्गाला सापडायचा नाही. सहा लाख चाळीस हजार."

 शार्शेननं आपला हात पुढं केला. पाच हजारसुद्धा कमी केले नाहीत.

"अरे, माझी दलाली!" कासेन विव्हळला. "निदान हात तरी हलवू द्या!"

तेवढं मात्र त्याला करू दिलं. त्यानं हात असे हलवले की बोल्सूनचा खांदा संध्याकाळपर्यंत दुखला. आपानं आशीर्वाद म्हटला. किल्ली देताना बोल्सूननं हरणाच्या पाठीवर एकदा बोट फिरवलं.

जायच्या आधी शार्शेननं खिशातून दोरी काढली, टोकाला लोहचुंबक. "हा तुझ्याकडं राहू दे. माझ्याकडं राहून बिघडला होता."

गाडीनं आलेली माणसं पायी परत निघाली. बोल्सूनच्या पाठीवर बेगायिम, हातात शिंगराची दोरी, खांद्यावर बाबांचा हात. वाटेत मेंढ्या हाकणारा एक जण ओरडला, "काय उस्ता, गाडी कुठाय? लुटलं की काय?"

"भाव मिळाला!" उस्तांनी त्याच्यापेक्षा मोठ्यांदा ओरडून सांगितलं. पुढच्या वळणावर कुणी विचारलं नाही, तरी सांगितलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बोल्सून पाळण्यावर ओणवी होती तेव्हा अंगणात जोड्यांचा आवाज झाला. खालच्या वाडीतले दोघे भाऊ, एक जुनी पावाच्या आकाराची व्हॅन, आणि वर्षभर न जुळलेला भाव.

"बोल्सून उस्ता आहे का घरात?"

"आहे," शेगडीजवळून उत्तर गेलं. "लेकीला पाजतेय. जोडे काढा, बसा, चहा घ्या. ती येईपर्यंत भांडून घ्या पोटभर."